फळ्यावरून उतरवणे म्हणजे लिहिणे नव्हे!



हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात गेटवरच्या पाटीपासून पगाराच्या स्लिपपर्यंत सगळा कारभार इंग्रजीत चालतो. गेटवरचा सिक्युरिटी गार्ड, आत फरशी पुसणारी हाउसकीपिंगची ताई, कॅन्टीनमध्ये भांडी घासणारा पोरगा यांत आपली माणसे किती, हे वेगळे सांगायला नको. यातले अनेकजण दहावीपर्यंत इंग्रजी शिकले आहेत. तरी कंत्राटदाराचा कागद समोर आला की ते सही करतात, वाचत नाहीत. असे का?

रविवारी विहारात आम्ही नववी-दहावीच्या मुलांचा वर्ग घेतो. दहावीतल्या एका मुलीने पाणीटंचाईच्या तक्रारीचे इंग्रजी पत्र एकही चूक न करता लिहून दाखवले. पत्र महापालिका आयुक्तांना, पत्ता 'एबीसी नगर'. आम्ही विचारले, तुझ्या वस्तीत पाणी येते का? म्हणाली, "तीन दिवस झाले, टँकरच नाही." मग त्याचेच पत्र लिही म्हटल्यावर तिचे पेन थांबले. तिची वस्ती ग्रामपंचायतीत येते, आयुक्तांचा तिथे संबंधच नाही. खरे पत्रही लिहिता येते, हे तिला दहा वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

दोष तिचा नाही. वर्गात शिक्षक धडा वाचतात, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगतात, उत्तरे फळ्यावर लिहितात. मुले उतरवून घेतात. उरलेले काम गाईड करते. ३५ गुण पडले की सगळे मोकळे. शिक्षकांवर अभ्यासक्रम संपवण्याचा आणि इतर कामांचा बोजा आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण या सगळ्यात मूल स्वतःचे एक वाक्यही लिहीत नाही, त्याचे काय?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी 'असर'ची २०२३ची देशातल्या ग्रामीण भागातील पाहणी बघा. १४ ते १८ वयाच्या ५७.३ टक्के मुलांनाच इंग्रजी वाक्ये वाचता आली. त्यातल्याही सुमारे एक चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला नाही.

काही मित्र म्हणतात, पोरांना इंग्लिश मीडियममध्ये घाला. कर्ज काढून घातलेही जाते. पण स्वस्तातल्या अनेक शाळांत तीच घोकंपट्टी चालते, फक्त फी वाढते. काहीजण इंग्रजीला गुलामी म्हणतात. त्यांनी आठवावे की सावित्रीमाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'तच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी १९२० मध्ये 'मूकनायक' मराठीत काढला आणि १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीत छापले. दोन्हीकडे म्हणणे त्यांचे स्वतःचे होते. आज आपल्याला इंग्रजी कोणी नाकारत नाही. ती येणारच नाही अशा रीतीने शिकवली जाते. परिणाम तोच होतो.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत, पालकसभेत जाऊन मागणी करा. इंग्रजीच्या तासाला मुलांना रोज पंधरा मिनिटे स्वतः वाचू द्या. आठवड्याला एक परिच्छेद स्वतःच्या आयुष्यावर लिहून घ्या, आधी मराठीत, मग इंग्रजीत. चुका होऊ द्या, लाल पेन नंतर काढा. आणि तोवर आपल्या विहारात हेच सुरू करा. जयंतीच्या डीजेच्या खर्चातला थोडा भाग जरी वळवला, तरी विहारात सोप्या इंग्रजी पुस्तकांचे एक कपाट उभे राहते.

त्या मुलीने शेवटी सरपंचांना मराठीत अर्ज लिहिला आणि पोच घेऊन आली. मग तेच इंग्रजीत लिहिले. चुका भरपूर होत्या, पण प्रत्येक वाक्य तिचे होते. परवा तिने आईची पगाराची स्लिप विहारात आणली आणि बोट ठेवून विचारले, "सर, हा पीएफ कापतात, मग तो भरतात कुठे?"

हा प्रश्न कुठल्याही गाईडमध्ये नाही. तो विचारता यावा, एवढ्यासाठीच शिकायचे.

जय भीम! नमो बुद्धाय!