माफी नव्हे, तहकुबी

निवृत्तांना घरपट्टीत सवलत द्या, ही मागणी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अधूनमधून ऐकू येते. त्या मागणीच्या पोटात एक सवाल असतो. आमची मुले शिकून मार्गाला लागली, शाळेत आता आमचे कोणी नाही, पगार थांबला. मग शाळांसाठी पट्टी आम्ही का भरायची?

हा सवाल शहरातल्या बंगलेवाल्यांचा आहे म्हणून शेतकरी कार्यकर्त्यांनी सोडून देऊ नये. शाळेसाठी मालमत्तेवर कर भरण्याचा जुना अनुभव शेतकऱ्यांच्याच गाठीशी आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई. त्याचा एक तृतीयांश शिक्षणासाठी होता. हा आणा घेताना, तुझे वय काय, तुझे पोर शाळेत जाते का, असे रयतेला कोणी विचारले नाही. पोर बहुधा गुरांमागेच असे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी हेच दुखणे मांडले. महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो. तो पैसा प्राथमिक शिक्षणाकडे वळवा, ते सक्तीचे करा, असा त्यांचा आग्रह होता.

महाराष्ट्र झाल्यानंतर १९६२ च्या कायद्याने शहरांतल्या जमिनी-इमारतींवर शिक्षण कर बसला. त्याच कायद्यात नगदी पिके घेणाऱ्या शेतजमिनीवर विशेष आकारणीची तरतूद झाली. शेतकऱ्याला साठी उलटली म्हणून कोणी निवृत्त करत नाही. तो औतामागे चालतच राहतो. मग वयाच्या दाखल्यावर माफी मागणाऱ्यांना आम्ही काय सांगावे?

पहिले असे, की हा कर म्हणजे आपल्या पोराची फी नव्हे. आजचे निवृत्त शिक्षक, बँक अधिकारी, इंजिनियर ज्या शाळा-कॉलेजांत शिकले, त्यांचा खर्च त्यांच्या आईबापांच्या फीमधून निघाला नव्हता. आम्ही स्वतः कृषी पदवीधर झालो तेही लोकांच्या पैशावर. ज्यांनी तो कर भरला, त्यांतल्या कित्येकांची पोरे चौथीपलीकडे गेली नाहीत. आता परतफेडीची पाळी आली, तर आमचे काम झाले म्हणून उठून जाता येणार नाही.

एक वर्षाच्या खंडाने रान कसणारा त्यात शेणखत टाकत नाही, हे आपण गावोगाव पाहतो. शेणखताचा गुण पहिल्याच पिकात सगळा उतरत नाही, पुढच्या दोन-तीन हंगामांत मिळत राहतो. तोवर रान दुसऱ्याकडे गेलेले असते. त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर असतो, पण जमिनीचा कस जातो. गावाकडे आणि शहराकडे वर्षाच्या खंडकऱ्याच्या नजरेने पाहणारे वाढले, तर शाळांचे तेच होईल.

दुसरे, माफीचा खड्डा कोणीतरी भरावाच लागतो. घरावरचा कर सोडला तर सरकार तो विक्रीवरच्या करातून काढणार. म्हणजे बंगल्यातल्या पेन्शनरला सूट, आणि रोजाने खुरपणारी बाई साबणाच्या वडीवर जीएसटी भरून ती सूट पुरवणार. हा कुठला न्याय?

पण दुसरी बाजूही खरी आहे, आणि ती शेतकऱ्याला चटकन कळावी. घराची किंमत वाढली म्हणून घरात रोकड येत नाही. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारला जातो. रेडी रेकनरचा आकडा चढला तरी एकट्या राहणाऱ्या विधवेच्या हातात एक पैसा जास्त पडत नाही. रस्त्याकडेच्या जमिनीला कोटीचा भाव, आणि बी-खतासाठी सावकाराचे दार! ही अवस्था आपण भोगली आहे. कर भरण्यासाठी म्हातारपणी राहते घर विकायला लावणे हा जुलूमच.

अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा घरा-जमिनीवरच्या करातून येतो. त्यामुळे हे भांडण तिथे जुने आहे. कॅलिफोर्नियात १९७८ साली मतदारांनी कायदाच बदलला. कर १९७५ च्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधला आणि घर विकेपर्यंत आकारणी वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा वाढवायची नाही असे ठरले. गरीब म्हातारीच्या नावाने आलेली ही सूट गर्भश्रीमंतांना आणि मोठ्या कंपन्यांच्या इमारतींनाही मिळाली. शेजारी नवे घर घेणारे तरुण जोडपे मात्र कितीतरी पट कर भरते. विस्कॉन्सिनने १९६४ साली वेगळी वाट धरली. उत्पन्नाच्या मानाने कराचे ओझे जड होत असेल, तरच सवलत. ऑरेगनमध्ये कमी उत्पन्नाच्या वृद्धांचा कर राज्य सरकार भरते आणि घर विकले किंवा वारसांकडे गेले की व्याजासह वसूल करते.

आपल्याला हे परके वाटू नये. साऱ्याच्या बाबतीत माफी वेगळी आणि तहकुबी वेगळी, हे आपल्या बापजाद्यांना पाठ होते. आणेवारी घसरली की सारा तहकूब होई. वसुली पुढे जाई, देणे बुडत नसे. निवृत्तांच्या घरपट्टीला हाच न्याय लावावा.

म्हणून जिल्हा बैठकीत आमची मांडणी अशी राहील. एक, केवळ वय झाले म्हणून शिक्षणाचा कर माफ होऊ नये. दोन, उत्पन्न तुटपुंजे असेल त्याचा कर राहत्या घरापुरता तहकूब व्हावा. तो घर विकताना किंवा वारसाच्या नावे चढताना वसूल व्हावा. मग वारस ठरवील कोणाला काय परवडते. तीन, हा कर नगरपालिका-महानगरपालिका गोळा करतात आणि तो राज्याच्या तिजोरीत जातो. त्यातून कोणत्या शाळेची खोली झाली, हे भरणाऱ्याला दिसत नाही. त्याचा हिशेब शाळेच्या भिंतीवर लागला पाहिजे.

निवृत्तांमध्ये शिक्षक आहेत, हिशेबनीस आहेत. त्यांनी कर भरावा आणि मग शाळेत जाऊन हिशेब मागावा. तसे करणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागे आम्ही उभे राहू. माफी मागणाऱ्याच्या मागे नाही.