सैनिकाचा मान आणि युद्धाचा जाब

मार्च १९९० मध्ये भारतीय शांतिसेनेच्या शेवटच्या तुकड्या श्रीलंकेहून मद्रास बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी गेले नाहीत. तमिळांवर शस्त्र चालवून आलेल्या सैन्याचे स्वागत आपण करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. याच्या अगदी उलट टोकाचे मत आपण दर युद्धात ऐकतो : जवान लढत असताना सरकारला प्रश्न विचारू नयेत, त्याने त्यांचे मनोधैर्य खचते. ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. युद्धाचा निर्णय आणि तो अमलात आणणारा शिपाई यांची दोन्हींनी गल्लत केली आहे. पहिल्या मताने निर्णयाचा राग शिपायावर काढला; दुसरे मत शिपायाच्या पुण्याईवर निर्णय झाकू पाहते.

शांतिसेना पाठवण्याचा निर्णय चुकला, असे माझे स्पष्ट मत आहे. ती ज्या करारानुसार गेली, तो २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत झाला पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने या दोन राज्यकर्त्यांत. ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची, त्या श्रीलंकेतल्या बंडखोर तमिळ वाघांची त्यावर सही नव्हती. त्याच वाघांना त्याआधी भारतात शस्त्रप्रशिक्षण मिळाले होते. शांतता राखायला गेलेले सैन्य ऑक्टोबरात त्यांच्याशीच लढू लागले. वाघांचे नेते पकडण्यासाठी जाफना विद्यापीठाच्या आवारात हेलिकॉप्टरने उतरवलेल्या १३ शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जणांपैकी एकोणतीस मारले गेले. शत्रू सावध होता आणि मागून येणारी कुमक उतरू शकली नाही. १९८९ मध्ये तर श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनीच सैन्य परत न्या, असे बजावले. बत्तीस महिन्यांत सुमारे बाराशे जवान गेले. ते कशासाठी गेले, हा प्रश्न त्यांचा अपमान कसा ठरेल?

मनोधैर्याच्या आक्षेपाला १९६२ ने उत्तर दिले आहे. चीनशी युद्ध पेटलेले असताना तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयींनी संसदेचे अधिवेशन बोलावण्याची मागणी केली. नेहरूंनी ती मान्य केली आणि ८ नोव्हेंबरला, युद्ध चालू असतानाच, अधिवेशन भरले. अधिवेशन भरण्याआधीच टीकेच्या रेट्याने संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले होते, आणि संरक्षण खाते सांभाळायला महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाणांना बोलावले गेले. जवानांचे हाल संसदेतल्या भाषणांनी झाले नाहीत. बर्फात उभे राहायला पुरेसे गरम कपडे नसल्याने आणि हाती जुन्या रायफली असल्याने झाले. शिवाय एक गोष्ट आपण विसरतो. १९५० च्या सैन्य कायद्यातील २१ व्या कलमाने जवानाच्या संघटना करण्यावर, राजकीय सभांना जाण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर बंधने घालता येतात. लोकशाहीत हे योग्यच आहे. सैन्याने राजकारण करू नये. पण ज्याला कुठे पाठवले जाते त्यालाच ‘का’ असे जाहीरपणे विचारता येत नसेल, तर ते विचारण्याचे काम नागरिकाचे आहे. त्याने तोंड बंद ठेवले, तर जवानाच्या बाजूने बोलायला कोणीच उरत नाही.

आता पहिल्या मताकडे वळू. युद्धच अन्याय्य असेल तर त्यात लढणाऱ्याचा गौरव कसा करायचा, असे विचारतात. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे उदाहरण घ्या. जन्म मुंबईचा, नेमणूक महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनीत. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना दबा धरलेल्या वाघांनी त्यांच्या तुकडीवर हल्ला केला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत आपल्या जवानांना हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. कोलंबोच्या कराराचा मसुदा त्यांनी लिहिला नव्हता. करारातली एखादी ओळ चुकली म्हणून त्यांचे शौर्य उणे होत नाही, आणि त्यांच्या शौर्याने तो करार शहाणपणाचाही ठरत नाही. याहून कठीण प्रश्न जाफन्याच्या रुग्णालयाचा आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये तिथे रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारल्या गेल्या आणि आरोप आपल्या सैन्यावर झाला. अशा कृत्याला वर्दीची ढाल मिळता कामा नये. हुकूम कोणी दिला, गोळी कोणी झाडली, याची चौकशी व्हायलाच हवी. पण ती माणसागणिक व्हावी. सरसकट सगळ्या फौजेवर डाग लावला, तर खरा दोषी त्या गर्दीत सुटतो आणि परमेश्वरनही त्याच डागाखाली येतात.

शांतिसेनेच्या बाबतीत आपण दोन्हीकडे चुकलो : पाठवताना जाब विचारला नाही, परतल्यावर मान दिला नाही. जिथून जायला सांगितले गेले, त्या श्रीलंकेने या जवानांचे स्मारक कोलंबोजवळ २००८ मध्ये उभारले. दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या भिंतींवर त्यांची नावे यायला २०१९ साल उजाडले.