रक्त थांबविणारे औषध कशाचे?



कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे आहे का, हे आपल्या घरांत आता आवर्जून विचारले जाते. हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय खाऊची पुडी स्वयंपाकघरात येत नाही. परंतु शस्त्रक्रियागृहात रुग्ण भुलेखाली असताना त्याच्या पोटात काय ठेवले जाते, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. या महिन्यात अशाच एका औषधवर्गाचा, म्हणजे यकृताच्या जखमेवर लावावयाच्या रक्तस्तंभक पदार्थांचा विचार करू.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांना हा विषय दूरचा नाही. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण, इंदापूरवरून जातो. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. व्यापारानिमित्त आपली माणसे पुणे, फलटण, अकलूज, सोलापूर अशी सतत प्रवासात असतात. वाहनाच्या धडकेत पोटावर मार बसला की वारंवार दुखावणाऱ्या अवयवांत यकृत येते. उजव्या बरगड्यांच्या आड असलेला हा सुमारे दीड किलोचा अवयव मऊ असतो आणि त्यातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण रक्त सुमारे पाच लिटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे मोठ्या जखमेचे गांभीर्य कळते. शिवाय हा रक्तस्राव आत होतो. बाहेर थेंबही दिसत नाही. उजव्या कुशीत वा खांद्यात वेदना, थंड घाम, जलद नाडी आणि तहान एवढीच चिन्हे दिसतात. अशा माणसाला पाणी न पाजता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

समाधानाची गोष्ट अशी की, यकृताच्या बहुतेक जखमा आज शस्त्रक्रियेविना, केवळ काटेकोर देखरेखीखाली भरून येतात. रक्तदाब टिकत नसेल तेव्हाच पोट उघडावे लागते. तेव्हा सर्जन प्रथम दोन्ही हातांनी यकृत दाबून धरतो. यकृताकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या तात्पुरत्या दाबण्याची रीत ग्लासगोचे शल्यविशारद प्रिंगल यांनी १९०८ साली मांडली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रक्त तरीही थांबले नाही, तर यकृताभोवती सुती घड्या दाबून बसवतात आणि रुग्ण सावरल्यावर एक-दोन दिवसांनी त्या काढतात. सर्वांत बिकट प्रसंगी आजही साध्या कापसाचाच आधार घेतला जातो.

रक्तस्तंभक पदार्थांचे काम यानंतरचे. मोठी वाहिनी फाटली असेल तर ते निरुपयोगी ठरतात. पण जखमेच्या पृष्ठभागातून झिरपणारे रक्त ते थांबवू शकतात. त्यांचे मूळ मात्र भिन्न भिन्न आहे. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी वनस्पतिजन्य असते. जिलेटिनचा स्पंज बहुधा डुकराच्या कातड्यापासून बनतो. कोलेजन अनेकदा गोवंशाच्या कातड्यातून वा कंडरांतून काढतात. फायब्रिनचा लेप दान केलेल्या मानवी रक्तद्रवातून तयार होतो. त्याच्या काही प्रकारांत गाईच्या फुप्फुसातून मिळविलेला घटकही असे. बाह्य जखमांच्या काही पट्ट्यांत वापरले जाणारे कायटोसन कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून येते.

यावर कोणी म्हणेल, ‘मग वनस्पतिजन्य जाळी वापरावी, प्रश्न मिटला.’ तो तेवढ्याने मिटत नाही. कापसा-लाकडाच्या तंतूंपासून बनलेली ही जाळीही माणसाच्या पोटात जाण्यापूर्वी प्राण्यांवर तपासली गेली आहे. यकृताच्या जखमेसाठी हे प्रयोग बहुधा डुकरांवर होतात, कारण त्यांच्या यकृताचा आकार आणि रक्तप्रवाह माणसाच्या जवळचा आहे. प्राण्याला भूल देतात, यकृतावर ठरावीक मापाची जखम करतात, निरनिराळे पदार्थ लावून रक्त किती वेळात थांबले आणि किती वाहिले हे मोजतात. प्रयोगानंतर तो प्राणी बहुधा शुद्धीवर येऊ दिला जात नाही.

परीक्षणाची गरज नाकारता येत नाही. गाईच्या रक्तातील थ्रॉम्बिन अनेक वर्षे वापरात होते. पुढे आढळले की काही रुग्णांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि क्वचित ती रुग्णाच्या स्वतःच्या रक्त गोठविणाऱ्या घटकांवरच उलटतात. रक्त थांबविण्यासाठी दिलेले औषधच रक्तस्रावाचे कारण ठरले. आज मानवी रक्तातून किंवा प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींतून मिळविलेले थ्रॉम्बिनही उपलब्ध आहे. हा दोष प्राण्यांवरील प्रयोगांनंतरही माणसांच्या वापरातच उघड झाला, हेही विसरू नये.

आपल्या परंपरेत गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. संकल्पी हिंसा सर्वथा त्याज्य. उरलेल्या तिन्ही गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाहीत, पण त्यांना मर्यादा घालणे हे त्याचे कर्तव्य. प्राण्याला जाणूनबुजून जखम करणे या चौकटीत कोठे बसवावे, हे सोपे नाही. हेतू जीव वाचविण्याचा असला तरी कृती संकल्पपूर्वकच होते. कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्हींचा विचार करणाऱ्या धर्माचे अनुयायी ‘प्रयोग दुसऱ्याने केला, आम्ही केवळ औषध घेतले’ असे म्हणून मोकळे होऊ शकत नाहीत.

मग श्रावकाने काय करावे? अपघातग्रस्ताच्या उशाशी हा वाद घालू नये. तेथे विलंब हाच प्रमाद. सर्जन जे वापरील ते वापरू द्यावे. परंतु पूर्वनियोजित शस्त्रक्रियेच्या आधी ‘वनस्पतिजन्य वा मानवी मूळ असलेला पर्याय चालेल का?’ असे नम्रपणे विचारण्यात काहीच गैर नाही. अनेकदा पर्याय असतो. अंतिम निर्णय मात्र सर्जनचाच असावा.

प्रयोगांपुरते पाहिले, तर कायदाही हळूहळू आपल्या दिशेने येत आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून आकारास आलेल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आणली. २०२३ साली आपल्या देशातील नवीन औषधांच्या नियमांत बदल होऊन पेशी, कृत्रिम प्रतिकृती आणि संगणक यांवर आधारित चाचण्यांनाही मान्यता मिळाली. अशा संशोधनाला पैसा लागतो. पांजरपोळांना सढळ हाताने देणाऱ्या आपल्या समाजाने या कामासाठीही काही वाटा वेगळा ठेवावा. औषधांच्या घाऊक व्यापारात आपली अनेक घरे आहेत. गिऱ्हाईक मूळ विचारू लागले की उत्पादकाला ते छापावे लागते, हे त्यांना वेगळे सांगणे नको.

आणि एक काम तर आजच होण्यासारखे आहे. यकृताच्या मोठ्या जखमेत कोणत्याही लेपाहून अधिक जीव वाचवते ते वेळेवर मिळालेले रक्त. ते कोणत्याही कारखान्यात बनत नाही आणि त्यासाठी कोणत्याही मुक्या जीवाला इजा होत नाही. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आसपासच्या तालुक्यांतले अपघातग्रस्त तेथे येतात. पर्युषणाच्या आणि महावीर जयंतीच्या शिबिरांत रक्तदान होतेच. पण साठविलेल्या लाल पेशी सुमारे सहा आठवडेच टिकतात. म्हणून प्रत्येक गावच्या संघाने वर्षाचे महिने आपसांत वाटून घ्यावेत आणि गाळप हंगामातला एकही महिना रिकामा ठेवू नये. गाडीत बसताच पट्टा बांधणे आणि आपल्या मालाच्या प्रत्येक ट्रॉलीमागे परावर्तक लावणे, हाही यत्नाचारच आहे. जखम झालीच नाही, तर तिच्यावरील औषधाचा प्रश्नच उरत नाही.