विश्लेषण : मासळीच्या प्रमाणपत्राचे नियम सुटसुटीत झाले तर फायदा कोणाचा?

शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र हवे असेल, तर आधी निकष वाचा, मग प्रक्रिया, मग मार्गदर्शिका आणि शेवटी मधल्या काळात निघालेल्या दुरुस्त्या. कागदांचा हा ढीग एकत्र करून सुटसुटीत करण्याचे प्रयत्न गेली अनेक वर्षे सुरू आहेत. वरकरणी हा ऑडिटरच्या सोयीचा विषय वाटतो. प्रत्यक्षात प्रमाणपत्र कोणाच्या आवाक्यात राहणार, हे त्यावर ठरते. म्हणूनच तो सातपाटीच्या कोळ्याचा आहे आणि शिरूर तालुक्यातील केंदूरच्या शेतकऱ्याचाही.

हे प्रमाणपत्र नेमके काय?

या क्षेत्रातील सर्वांत परिचित योजना ‘मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल’ची (एमएससी). लंडनमधील ही संस्था १९९७ मध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ आणि ‘युनिलिव्हर’ यांच्या पुढाकाराने उभी राहिली. परदेशी दुकानांत मासळीच्या पाकिटावर दिसणारी निळी खूण तिचीच. मासेमारी तीन तत्त्वांवर तपासली जाते : माशांचा साठा टिकून आहे का, आसपासच्या सागरी जीवनाला किती इजा होते आणि व्यवस्थापन कसे आहे. तीन तत्त्वांखाली अनेक निर्देशक असून प्रत्येकाला गुण दिले जातात. एकाही निर्देशकाला ६० पेक्षा कमी गुण मिळाले, तर प्रमाणपत्र नाही. शिवाय प्रत्येक तत्त्वाची सरासरी किमान ८० हवी. प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते, पण दरम्यान देखरेखीची तपासणी सुरूच राहते. ही तपासणी एमएससी स्वतः करत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्थांचे ऑडिटर करतात आणि त्याचा खर्च अर्जदार उचलतो.

कागद एवढे का वाढले?

प्रत्येक नियमाला एक इतिहास असतो. एखाद्या तपासणीत वाद झाला की खुलासा निघतो, खुलाशातून पळवाट सापडली की नवा आदेश निघतो. मूळ नियम मात्र जागच्या जागी राहतो. एमएससीचेही तसेच झाले. अखेर २०११ मध्ये विखुरलेल्या पद्धती आणि आदेश एकत्र करून प्रमाणन आवश्यकतांचा एकच दस्तऐवज काढण्यात आला. २०१८ मध्ये निकष एका दस्तऐवजात आणि तपासणीची प्रक्रिया दुसऱ्यात, अशी फोड झाली. २०२२ मध्ये निकषांची तिसरी आवृत्ती आली, तिच्यातही २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. थोडक्यात, कागद एकदा आवरून भागत नाही. घर झाडल्यासारखे ते काम वरचेवर करावे लागते.

एकत्रीकरणाने काय साधते?

पहिली गोष्ट, निकालातील एकवाक्यता. एकाच मासेमारीकडे दोन ऑडिटरनी पाहिले आणि एकाकडे जुना खुलासा, दुसऱ्याकडे नवा असेल, तर गुण वेगळे पडतात. मग निळ्या खुणेला अर्थ उरत नाही. दुसरी गोष्ट खर्चाची. नियम शोधण्यात आणि त्यांचा मेळ घालण्यात जाणाऱ्या वेळेचे पैसे शेवटी अर्जदाराच्याच खिशातून जातात. मोठ्या जहाज कंपनीकडे त्यासाठी माणसे असतात. मच्छीमार सहकारी संस्थेकडे बहुधा एकच सचिव असतो, जो डिझेलचा हिशेबही पाहतो आणि बर्फाचाही. क्लिष्ट नियम सर्वांना सारखेच लागू असले, तरी त्यांचा भार सारखा नसतो.

भारतात काय अनुभव?

केरळमधील कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीतील शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये एमएससीचे प्रमाणपत्र मिळाले. भारतातील ही पहिलीच प्रमाणित मासेमारी. महाराष्ट्रात तिसऱ्या म्हणून खाल्ल्या जातात, त्याच प्रकारच्या या शिंपल्या. तिथे यश आले ते कागदामुळे नव्हे. १९९० च्या दशकात उत्पादन घटल्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी आणि जाळ्याच्या आसावर मर्यादा ही शिस्त आधीच लागली होती. शास्त्रज्ञांकडे नोंदी होत्या. प्रमाणपत्राने त्या शिस्तीला नाव दिले. एक खाडी, एक जात, हाताने चालणारी साधने, त्यामुळे निकषांच्या चौकटीत ही मासेमारी बसवणे तुलनेने सोपे गेले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर काय अडते?

इथे चित्र गुंतागुंतीचे आहे. एमएससीची तपासणी माशाचा साठा, मासेमारीचे साधन आणि नौका यांच्या जोडीने होते. पण डोल जाळ्यात बोंबील, जवळा, मांदेली, कोळंबी असे सगळे एकत्रच येते. प्रत्येकाच्या साठ्याचा वेगळा पुरावा मागितला, तर कागद चौपट होतात. दुसरीकडे, शिस्तीची सुरुवात झालेली आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात मासेमारी बंद असते. पापलेटला २०२३ मध्ये राज्य मासा घोषित करण्यात आले. त्यामागे पिल्लांच्या बेसुमार मासेमारीची चिंताही होती.

निर्यातीसाठीचे कागदही वाढतच आहेत. युरोपीय महासंघाने २०१० पासून, मासळी कायदेशीर मार्गाने पकडल्याचा दाखला सक्तीचा केला. कासवे निसटून जाऊ शकतील अशी साधने जाळ्यांत नाहीत, या कारणाने अमेरिकेने २०१९ पासून भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीला दारे बंद केली. म्हणजे एकाच बोटीला परवाना, दाखला, कासवांची अट आणि जमल्यास शाश्वततेची खूण, असे चार वेगवेगळे कागद लागतात. चारही ठिकाणी माहिती मात्र बरीचशी तीच : बोट कोणती, जाळे कोणते, मासळी कुठे आणि किती पकडली.

केंदूरच्या शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

समुद्र घाटाखाली राहिला, तरी प्रमाणपत्राचे जंजाळ शिरूर-दौंडला नवे नाही. सेंद्रिय शेतमालासाठी २००१ पासूनचा राष्ट्रीय कार्यक्रम वेगळा, शेतकरी गटांनी एकमेकांची हमी देण्याची ‘पीजीएस’ पद्धत वेगळी, निर्यातीसाठी ‘ग्लोबलगॅप’ वेगळे. नोंदवही मात्र एकाच शेताची, तीच तीन प्रकारे लिहायची.

नियम विखुरलेले असले की काय होते, हे राज्यातील द्राक्ष बागायतदारांनी २०१० मध्ये अनुभवले. वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वॅट क्लोराईड या रसायनाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने युरोपात द्राक्षे अडकली. भारतातील तपासणीच्या यादीत हे रसायन तेव्हा नव्हते. खरेदीदाराच्या देशात एक नियम, इथल्या यादीत दुसरा आणि या दोन्हींमधल्या फटीत पडला तो शेतकरी. त्याने इथल्या यादीप्रमाणे सगळे पाळले असते, तरी तो वाचला नसता.

दौंड-इंदापूरलगतच्या उजनी जलाशयाला कोणतीही निळी खूण नाही. पण बारीक आसाची जाळी लावून पिल्ले उचलली गेली, तर पुढच्या हंगामात हाती काही लागत नाही, हा प्रश्न तिथेही तोच आहे.

सोपे म्हणजे सैल, अशी भीती खरी का?

ही भीती निराधार नाही. कागद कमी करण्याच्या नावाखाली अटच गाळली गेल्याची उदाहरणे प्रत्येक खात्यात सापडतील. शिवाय दहा छोटे कागद जोडून एक जाडजूड ग्रंथ केला, तर ते एकत्रीकरण झाले, सुलभीकरण नव्हे. म्हणून कसोटी पानांच्या संख्येची असू नये. अट तीच राहिली का आणि ती ज्याने पाळायची त्याला समजली का, हे दोन प्रश्न विचारायला हवेत.

मग काय करायला हवे?

एक, लागू असलेला दस्तऐवज कधीही एकच असावा. त्यावर तारीख असावी आणि दुरुस्त्या मनाला येईल तेव्हा नव्हे, ठरलेल्या वेळीच व्हाव्यात. दोन, ऑडिटरसाठीचा मजकूर आणि मच्छीमारासाठीचा मजकूर वेगळा असावा. दुसरा मराठीत असावा आणि त्यात ‘कोणती नोंद ठेवायची’ एवढेच असावे. तीन, एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नये. सोसायटीच्या लिलावाची वही, बंदरावरची नोंद आणि निर्यातीचा दाखला यांची सांगड राज्याचे मत्स्य खाते आणि सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण यांनी घालून द्यावी. सेंद्रिय शेतीच्या बाबतीत कृषी खात्यालाही हेच लागू आहे.

हे झाले नाही, तर प्रमाणपत्रे मिळत राहतील, पण ज्यांना सल्लागार परवडतो त्यांनाच. लहान बोटीने मासेमारी करणारा, जो समुद्राला सर्वांत कमी ओरबाडतो, तोच कागदावर ‘अप्रमाणित’ ठरेल.