हेलिकॉप्टर आधी की जाळरेषा?

एप्रिल 2024 मध्ये नैनितालच्या डोंगरांत वणवा भडकला, तेव्हा हवाई दलाच्या एमआय-17 हेलिकॉप्टरने भीमताल तलावातून पाणी उचलून आगीवर ओतले. दृश्य थरारक होते; पण उभ्या चढावर वणवा विझवतात ती माणसेच. हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपायच्या, चिडाच्या वाळक्या सुया ओढून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी पट्टी, मोकळी करायची. तिथे आग चढाने वर धावते आणि चिडाची पेटती फळे गडगडत जाऊन खाली नवा वणवा लावतात. त्याच वर्षी जूनमध्ये बिनसर अभयारण्यात वन विभागाच्या पथकातील चौघे जागीच होरपळून मरण पावले. हेलिकॉप्टर जरूर हवे. पण अग्निरोधक कपडे, विमा आणि उन्हाळ्याआधी साफ केलेल्या जाळरेषा यांची तरतूद पहिली. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सरकारी सवय इथे जिवावर बेतते.