आईचा चीक, आशाताई आणि आपला मोहल्ला

सातारा-सांगलीकडे म्हैस व्याली की तिचा चीक शेजारीपाजारी वाटला जातो. त्याचा खरवस घरातले सगळे आवडीने खातात. पण सून बाळंत झाली की तिचे पहिले पिवळसर, घट्ट दूध 'खराब' म्हणून पिळून टाकणारी घरे अजूनही आहेत. बाळाच्या तोंडात पहिल्यांदा जाते ते मध, साखरेचे पाणी किंवा गुटी. ही रीत कोणा एका धर्माची नाही. हिंदू घरांत ती आहे, मुसलमान घरांतही आहे. जनावराचा चीक ताकदीचा मानणारा समाज आईचा चीक विषारी कसा समजतो, हे कोडेच आहे. खरे तर त्या चमचा-दोन चमचे चिकातच बाळाला रोगांपासून वाचवणारी पहिली ढाल असते.

याला घरातल्या बायकांचे अज्ञान म्हणून मोकळे होता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, पण जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बाळे ४१.८ टक्केच. बाई डॉक्टर-नर्सच्या हाताखाली असतानाही तो तास वाया जातो.

मग भार येतो आशाताईंवर. २००५ पासून त्या गावोगाव आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. त्याच धर्तीवर २०११ पासून आशाताई बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. २०१६ मध्ये केंद्र सरकारने स्तनपानासाठी 'मा' हा कार्यक्रमही सुरू केला. म्हणजे प्रशिक्षण होतेच. माझा मुद्दा इतकाच, की स्तनपानाचे फायदे पाठ करून घेणारे प्रशिक्षण आता पुरे. 'आईचे दूध अमृत' हे कोणती सासू नाकारते? अडते ते पुढे.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे पहिली भेट तिसऱ्या दिवशी. तोवर मध चाटवून झालेला असतो. शिवाय आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. गरोदरपणात सल्ला मिळतो सासरच्या गावात, बाळ जन्मते माहेरच्या गावात. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यातच आई, सासू आणि नवऱ्याशी बोलायचे आणि माहेरच्या आशाताईला निरोप द्यायचा, हे प्रशिक्षणात आले पाहिजे.

दुसरी गोष्ट हाताची. 'दूध येत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा बाळाची पकड चुकलेली असते. बाळाचे तोंड मोठे उघडले पाहिजे, हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे, फक्त बोंडी नव्हे तर भोवतालचा काळसर भागही तोंडात गेला पाहिजे. हे भाषणाने येत नाही, शेजारी बसून दाखवावे लागते. मुंबई आयआयटीने यावर मराठीत चित्रफिती केल्या आहेत, त्या वापराव्यात. उन्हाळ्यात माण-जतकडे तान्ह्याला पाणी पाजतात. अशा वेळी आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असते आणि दिवसातून सहा-सात वेळा लघवी होत असेल तर बाळाचे पोट भरते आहे, हे आजीला पटेल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे.

आता आपल्या मोहल्ल्याविषयी. आपल्या घरांत दखनी बोलतात, बाहेर मराठी. मिरज-सांगलीकडे सून कर्नाटकातली असेल तर तिसरी भाषा. आशाताई बहुधा दुसऱ्या समाजाची. ती उंबऱ्यावर माहिती देते आणि परत जाते. तिला आत बसवून घेणे हे आपले काम आहे.

तिच्या मदतीला कुरआनही आहे. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे आणि दूध तोडायचे ते आई-बापाच्या सल्लामसलतीने, असेही आहे. आपण सहज विसरतो तो भाग म्हणजे पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी त्याच आयतीने बापावर टाकली आहे. तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर किंवा विट्याच्या यंत्रमागावर बाळंतीण महिन्या-दोन महिन्यांत कामाला लागत असेल, तर तिला फायदे सांगून काय होणार? तिथे प्रशिक्षणाची गरज नवऱ्याला आहे, आणि मालकालाही.

२०१६ मध्ये केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात एका बापाने पाच अजान होईपर्यंत नवजात बाळाला दूध पाजू दिले नाही. असा हुकूम कुरआनात कुठेही नाही. बाळाच्या कानात अजान द्यायला दोन मिनिटे लागतात, दुधाने त्यासाठी थांबायचे कारण नाही. तहनीकची सुन्नत पाळणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे आणि मध टाळावा. वर्षाच्या आतल्या बाळाला तो धोक्याचा असतो.

एका बाळाच्या सगळ्या गृहभेटी पूर्ण केल्यावर आशाताईला २५० रुपये मिळतात. एवढ्यात ती सासूची समजूत घालते, बाळाचे वजन करते, आईला धीर देते. तिचा मोबदला वाढवणे सरकारच्या हातात आहे. साताऱ्यातल्या आणि सांगलीतल्या मशिदींच्या इमामांनी एका जुम्म्याला २३३ वी आयत पुरुषांना समजावून सांगणे आपल्या हातात आहे. १ ते ७ ऑगस्टला जागतिक स्तनपान सप्ताह असतो. त्या आठवड्यातला शुक्रवार यासाठी राखून ठेवता येईल.