घोड्यावरचे पायदळ



पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाची ‘लाइट हॉर्स’ नावाची फौज होती. हे शिपाई घोड्यावरून रणात जात, पण उतरून रायफलीने लढत. चौघांपैकी एकाने घोडे धरायचे, तिघांनी पुढे जायचे, अशी रीत. यातल्या ११ व्या रेजिमेंटची गोष्ट आज सांगतो.

क्वीन्सलंड आणि साउथ ऑस्ट्रेलियाच्या माणसांची ही रेजिमेंट १९१५ मध्ये गॅलिपोलीला घोड्यांविना लढली आणि १९१६ मध्ये इजिप्तमध्ये पुन्हा उभी राहिली. तेव्हा त्या देशाच्या मूळ रहिवाशांना, आदिवासींना, फौजेत घेत नसत. क्वीन्सलंडमध्ये तर १८९७ च्या कायद्याने त्यांचे राहणे, कामधंदा, मजुरीचे पैसे, सारे सरकारी ‘संरक्षका’च्या मुठीत होते.

पण माणसे कमी पडू लागली. १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीला जनतेने मतदानात नकार दिला. मग १९१७ मध्ये नियम सैल झाला : आईबापांपैकी एक जण गोरा असेल तर चालेल! क्वीन्सलंडचे अनेक आदिवासी तरुण ११ व्या रेजिमेंटच्या कुमकेत भरती झाले. घोड्यावर बसण्यात ते पटाईत होते, कारण गोऱ्यांच्या गुरांमागे त्यांचा जन्म गेला होता.

२५ सप्टेंबर १९१८ च्या पहाटे, गॅलिली सरोवराकाठच्या सेमाख स्टेशनवर या रेजिमेंटने मशीनगनच्या माऱ्यात तलवारी उपसून धडक दिली. मग घोड्यावरून उतरून स्टेशनच्या इमारतीत हातघाईची लढाई झाली. स्टेशन जिंकले.

फौजेत पगार गोऱ्यांइतकाच होता. घरी परतल्यावर मात्र पुन्हा तोच ‘संरक्षक’! परतलेल्या सैनिकांना सरकारने जमिनी दिल्या, त्या आदिवासींपैकी अगदी थोड्यांनाच मिळाल्या. देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क सर्व आदिवासींना १९६२ मध्ये आणि क्वीन्सलंड राज्याच्या निवडणुकीत १९६५ मध्ये मिळाला.

हे वाचून आपली आठवण येते ना? त्याच साम्राज्याने १८९० नंतर महारांची भरती बंद केली, १९१७ मध्ये गरज पडताच १११ महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. गरजेपुरते रक्त चालते, हक्क मागितला की जात आडवी येते.

त्या महायुद्धात हजाराहून अधिक ऑस्ट्रेलियन आदिवासी लढले. पुष्कळांच्या भरतीच्या कागदावर ते आदिवासी असल्याची नोंदच नाही, म्हणून नावांचा शोध फार उशिरा सुरू झाला. आपल्या घरी आजोबा-पणजोबांचा लष्करी दाखला, बिल्ला, फोटो असेल तर नीट जपा. मागे नाव, गाव, साल लिहा. कागद हरवला की माणूस इतिहासातून हरवतो.